केरबाचा भूतकाळ

निंबखोरी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाकडं त्याच्यासाठी दुसरा शब्द होता, पण तो आईच्या देखत कुणी उच्चारत नसे.

केरबाला जे सांगाल ते तो करायचा. तीच तर अडचण होती. एकदा दारात पाहुणे आले, तेव्हा आई चुलीपुढून ओरडली, "केरबा, पाहुण्यास्नी पाणी इचार रं!" केरबा बाहेर गेला. "पाणी?" म्हणाला. पाहुणे उन्हातून आलेले. "व्हय, व्हय," म्हणाले. केरबा आत येऊन बसला. घटकाभरानं आईनं विचारलं, "इचारलंस का पाणी?" केरबा म्हणाला, "इचारलं की. व्हय म्हनाले." पाहुणे तोवर कोरड्या घशानं वेशीपर्यंत पोचले होते.

तर असा हा केरबा. वय तीस. काम शेळ्या राखायचं. गावाच्या डोक्यावर कासवगड होता आणि पंधरा वर्षं केरबा त्या गडावर शेळ्या चारत होता. गडाचा दगड न् दगड त्याला ठाऊक. टाकं कुठं, भुयार कुठं, कुठल्या बुरुजावर किल्लेदार सुभानराव देसाई पडला, सगळं तोंडपाठ.

त्या वर्षी वरून हुकूम आला. गड बघायला गोरे लोक येऊ लागलेत, तेव्हा गडावर एक वाटाड्या नेमायचा. त्याला खाकी पोशाख आणि छातीवर पितळी बिल्ला. अट एकच. त्याला इंग्रजी यायला पाहिजे.

निंबखोरीचे सरपंच रंगराव देसाई म्हणजे त्या सुभानरावांचे वंशज. निदान ते तसं सांगत. बिल्ला तालुक्याच्या गावी गेला तर देसायांची अब्रू गेली, असं त्यांना वाटलं. पण गावात गड माहीत असलेला माणूस एकच, केरबा. आणि इंग्रजी येणारा माणूसही एकच, ढवळीकर मास्तर. मास्तरांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची.

"मग मास्तर," सरपंच म्हणाले, "तुमचं इंग्रजी केरबात वता."

"ओतू की," मास्तर म्हणाले. "माझ्या हाताखालून दगड गेले, त्यांची देवळं झाली."

मास्तर असं बोलत. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही जण पुढं इंग्रजी बोलताना कुणी ऐकला नव्हता. पण ही गोष्ट मास्तरांच्या तोंडावर कोण बोलणार?

केरबाच्या आईला तर हर्ष झाला. शेजारच्या गावात केरबासाठी एक मुलगी बघून ठेवली होती. मुलीचा बाप म्हणाला होता, "जावयाच्या छातीवर बिल्ला दिसला की हळद. शेळ्यांमागं फिरणाऱ्याला मुलगी देत न्हाई."

"केरबा," आई म्हणाली, "मास्तर सांगत्याल तसं कर. काना-मात्रेचा फरक करू नगंस."

हे सांगायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी मास्तरांनी केरबाला समोर बसवलं आणि घसा खाकरला.

"गडावरचं सगळं होऊन गेलेलं आहे. म्हणजे काय? भूतकाळ! इंग्रजीत भूतकाळ फार सोपा. क्रियापदाच्या शेवटी 'ड' लावायचा. लव्ह, लव्हड. कॉल, कॉल्ड. किल, किल्ड. जे होऊन गेलं, त्याला ड. कळलं?"

"जे झालं गेलं, त्याला ड," केरबा म्हणाला. "आता समजलं, मास्तर."

केरबा 'आता समजलं' म्हणाला की शहाण्यानं दार लावून घ्यावं. पण मास्तरांना अजून अनुभव नव्हता.

केरबा घरी गेला. आईनं विचारलं, "शेळ्या आल्या का रं?"

"आल्याड," केरबा म्हणाला.

"पाणी पाजलंस?"

"पाजलंड."

आईला वाटलं पोराची जीभ सुजली. तिनं त्याला हळद-मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या. केरबानं केल्या आणि म्हणाला, "झाल्याड."

चार दिवसांनी एक म्हातारा गोरा साहेब गड बघायला आला. सराव व्हावा म्हणून सरपंचांनी केरबाला बरोबर धाडलं. पूर्वजाची कीर्ती इंग्रजीत ऐकावी म्हणून स्वतःही मागं निघाले. किल्लेदाराला इंग्रजीत काय म्हणतात ते मास्तरांना आठवलं नव्हतं, म्हणून त्यांनी सुभानरावांना सरळ 'किंग' करून टाकलं होतं.

राजा या दारातून गेला, असं केरबाला सांगायचं होतं. जाणे म्हणजे गो. झालं गेलं, त्याला ड. केरबानं छाती पुढं काढली आणि म्हणाला,

"किंग गोड!"

साहेबाला ऐकू आला 'गॉड'. राजा म्हणजे देव! त्यानं ताबडतोब हॅट काढली आणि दाराला हात जोडले. मागं सरपंचही खूष. आमच्या पूर्वजाला गोड म्हणतोय, म्हणाले. गुणाचा आहे पोरगा.

केरबाला चेव चढला. आता सांगायचं होतं, की राजानं हा गड बांधला. बनवणे म्हणजे मेक. मास्तरांनी शिकवलं होतं तसा त्यानं पुढं ड जोडला, आणि तटाकडं हात करून सगळ्या दरीत घुमेल असा ओरडला,

"किंग मेकड! किंग मेकड!"

सरपंचांचा चेहरा पडला. "काय म्हनलास?"

"किंग मेकड, सरपंच. तुमचा पूर्वज मेकड."

"माकड?" सरपंच किंचाळले. "आमच्या सुभानरावास्नी माकड म्हणतोस?"

सरपंचांनी पायातली वहाण काढली. केरबा पुढं, सरपंच मागं, असे दोघं गड उतरले. साहेब वरच राहिला. देवाच्या दारी ही काहीतरी पळायची रीत असावी, असं समजून त्यानं दोघांचा फोटो काढला.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे शुंभा! सगळ्यांना ड लागत नाही. काही शब्दांना शेपूट लागत नाही, ते पोटातून बदलतात. सिंग, सँग. रिंग, रँग. सिट, सॅट. पोटातल्या 'इ'चा 'अॅ' होतो."

"गेलेल्याच्या पोटात अॅ," केरबा म्हणाला. "आता समजलं, मास्तर."

तो चार दिवस शेळ्यांमागं हेच घोकत फिरला. 'अॅ, अॅ' असं तो ओरडायचा आणि शेळ्या उत्तर द्यायच्या. शेळ्यांना त्याचं इंग्रजी कळतंय, असं त्याला वाटलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

मग पाच गोरे पाहुणे आले. पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे. केरबा त्यांना पडक्या महादरवाजापाशी घेऊन गेला. एके काळी हा दरवाजा हत्ती जाईल एवढा मोठा होता. आता दोन दगड उरलेत. केरबानं मनाशी हिशोब घातला. राजा मेला, म्हणजे किंगचा झाला कँग. दरवाजा पडला. मोठा म्हणजे बिग. पण तो मोठेपणा आता गेला. मग बिगचा काय होईल?

त्यानं पाहुण्यांच्या पाठीमागं बोट केलं, कारण दरवाजा तिकडं होता. आणि म्हणाला,

"बॅग! व्हेरी बॅग!"

पाचही जण दचकून मागं वळले. आपापल्या पिशव्या चाचपू लागले.

केरबाला बरं वाटलं. लोक मन लावून ऐकतायत. त्यानं दोन्ही हात हवेत उडवले, सगळं गेलं अशी खूण केली आणि दुःखानं म्हणाला, "नाऊ, नो बॅग."

"नो बॅग?" एक बाई किंचाळली.

"नो बॅग. कँग, नो बॅग."

आता कँग म्हणजे 'गँग' असं त्यातल्या एकाला वाटलं. गडावर चोरांची टोळी आहे आणि ती पिशव्या पळवते! दोघं धूम गड उतरत सुटले. उरलेल्या तिघांनी केरबालाच धरलं आणि त्याचं गाठोडं सोडलं. आत निघाल्या दोन भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हे काय म्हणून एकानं बोटावर घेऊन जिभेला लावलं. मग तोही गड उतरत सुटला, आधीच्या दोघांच्याही पुढं गेला आणि पाणवठ्यावर जाऊन उपडा पडला.

मास्तरांनी या वेळी दोन्ही हात कपाळावर मारले.

"अरे ठोंब्या! मोठा हे काय क्रियापद आहे? राजा हे क्रियापद आहे? फक्त क्रियापदं बदलतात! आणि ऐक, तीसुद्धा सगळी बदलत नाहीत. काही जशीच्या तशी राहतात. कट, कट, कट."

"म्या न्हाई केली कटकट, मास्तर."

"कटकट नव्हे रे! कट म्हणजे कापणे. वर्तमानात कट, भूतकाळात कट. तसंच पुट, पुट, पुट."

"पुटपुट तर तुमीच करताय."

मास्तरांनी डोळे मिटून दहा आकडे मोजले. इंग्रजीतून मोजले.

"पण मास्तर," केरबानं विचारलं, "शबुद बदललाच न्हाई, तर गोष्ट झाली का व्हायची हाय, ते वळखायचं कसं?"

प्रश्न शहाणपणाचा होता. गावातल्या एकाही विद्यार्थ्यानं तीस वर्षांत मास्तरांना तो विचारला नव्हता. त्यामुळं मास्तरांकडं उत्तरही तयार नव्हतं. जे सुचलं ते त्यांनी ठोकून दिलं.

"वाक्यात यस्टर्डे शोधायचा. यस्टर्डे म्हणजे काल. यस्टर्डे असला तर झालंय. नसला तर नाही झालं. संपलं."

"यस्टर्डे न्हाई, तर झालंच न्हाई," केरबा म्हणाला. "आता समजलं, मास्तर."

पुढच्या आठवड्यात नवरा-बायको असे दोघं आले. बाई तटावरून वाकून दरी बघत होती. तिचा पाय घसरला. सावरायला तिनं दगड धरला, तर त्याच्या धारेनं तिचा तळवा चिरला.

"आय कट माय हँड!" बाई ओरडली. "आय कट माय हँड!"

केरबा धावत आला. तेवढ्यात त्याला मास्तर आठवले आणि तो थबकला. कट. हा तो न बदलणारा शब्द. झालंय का व्हायचंय? घाई करून चालणार नाही.

"यस्टर्डे?" त्यानं विचारलं.

"व्हॉट?"

"कट... यस्टर्डे?"

"नो! नाऊ! नाऊ!" बाईच्या हातातून रक्त ठिबकत होतं.

केरबाच्या जिवाचं ओझं उतरलं. तो हसला. "नो यस्टर्डे? नो कट," म्हणाला, आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसला.

बाईच्या नवऱ्यानं हातरुमाल बांधला. मग तो केरबासमोर उभा राहून बराच वेळ बोलला. त्या बोलण्यात यस्टर्डे कुठंच नव्हता, म्हणून केरबानं तेही मनावर घेतलं नाही. बाई उतरताना तिच्या रुमालातून ठिबकलेलं रक्त दिसलं तेव्हा मात्र त्याला वाईट वाटलं. कुठंतरी चुकलं असावं. संध्याकाळी घरी तो भाकरी न खाता बसून राहिला.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"आये, मास्तर सांगत्यात तसंच करतोय म्या. आनि रोज वंगाळच व्हतंय."

आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू मास्तरांचं सोडू नगंस. मोठी मानसं हायती. शिकल्याली हायती."

मग वाटाड्या नेमणाऱ्या खात्याचा साहेब परीक्षा घ्यायला येणार असा निरोप आला. सरपंचांनी गावात दवंडी दिली. आईनं खाकी पोशाख शिवून घेतला, आणि तांब्यात निखारे घालून त्याची घडी न् घडी बसवली. मास्तर आदल्या दिवशी सकाळीच केरबाच्या ओट्यावर येऊन बसले.

"मागचं सगळं विसर," ते म्हणाले. "साहेब प्रश्न विचारील. भूतकाळातला प्रश्न म्हणजे 'डिड'. डिड द किंग कम? डिड द किंग गो? आता नीट लक्ष दे. डिड आला की मूळ रूपात यायचं. आधी कितीही नटलेलं असो. डिड ऐकलं, की लगेच मूळ रूप!"

मास्तर क्रियापदाबद्दल बोलत होते. पण क्रियापद हा शब्द मात्र त्यांनी तोंडातून काढला नाही. एवढी साधी गोष्ट कुणालाही कळेल, असं त्यांना वाटलं.

केरबानं मास्तरांकडं बघितलं. मग दोरीवर टांगलेल्या खाकी पोशाखाकडं बघितलं.

"मूळ रूपात? आनि समद्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच परीक्षा आहे!"

"एका डिडलाच समदं?"

"प्रत्येक डिडला! जितके डिड तितक्यांदा. एकही चुकवलास तर बिल्ला गेला."

केरबा लाल झाला. "मास्तर... लाज वाटती वो."

"लाज!" मास्तर कडाडले. "या लाजेपायीच आपली मुलं मागं राहिली. इंग्रजीत लाजून चालत नाही, केरबा!"

केरबाला आईचा चेहरा आठवला. ती मुलगी आठवली. मग म्हणाला, "आता समजलं, मास्तर."

बिल्ला अखेर तालुक्याच्या गावी गेला, हे आधीच सांगून टाकतो. ती मुलगीही दुसरीकडं दिली आणि सुखात आहे. हे ऐकून ज्यांना उठायचंय त्यांनी उठावं. बाकीच्यांनी पुढं ऐकावं.

परीक्षा गडाच्या सदरेवर होती. भर दुपार. मध्ये खुर्चीवर साहेब. साहेब मूळचा मराठीच, पण खुर्चीला टेकला की इंग्रजी बोलायचा. एका बाजूला सरपंच, एका बाजूला मास्तर. मास्तर जरीकाठी धोतर, काळा कोट आणि उपरणं अशा थाटात आलेले, कारण शिष्याच्या यशात गुरूचाही फोटो निघणार होता. समोर सगळं गाव, बायाबापड्यांसकट. आणि मधोमध केरबा. डोक्यावर खाकी टोपी, अंगात खाकी कोट, आत सदरा, खाली कडक घडीची विजार. आईनं लांबूनच त्याची दृष्ट काढली.

साहेबानं कागद बघितला.

"डिड द किंग लिव्ह हिअर?"

केरबानं टोपी काढून खाली ठेवली.

सरपंच मान डोलावून म्हणाले, "पूर्वजाचं नाव निघालं की टोपी काढतो. संस्कार!"

साहेबालाही ते आवडलं. "गुड. डिड ही फाइट हिअर?"

केरबानं कोटाची बटणं सोडली. कोट काढला, घडी घातली, टोपीवर ठेवला.

ऊन होतं खरं. साहेबानं कागदावर बोट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "डिड ही विन?"

सदरा गेला.

गावात कुजबुज सुरू झाली. मास्तर मागून दोन्ही हात हलवू लागले, नको, नको. केरबाला वाटलं, मास्तर म्हणतायत, हात जरा चालव.

साहेब खुर्चीतून पुढं वाकला. "डिड यू हिअर माय क्वेश्चन?"

केरबानं डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं आणि विजारीची नाडी ओढली.

बाया तटाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आईनं पदर डोळ्यांवर ओढला. सरपंचांनी आकाशाकडं बघितलं. सदरेवर, भर उन्हात, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत केरबा उभा होता. मान ताठ, हात चड्डीच्या नाडीवर, कान साहेबाच्या तोंडाकडं. अजून एक डिड आला असता तर निंबखोरी जगाला तोंड दाखवू शकली नसती.

आणि साहेब ओरडला. पण केरबावर नव्हे. तो मास्तरांकडं वळून ओरडला,

"डिड यू टीच हिम?"

केरबाचा हात नाडीवरच थांबला. हा डिड त्याला नव्हता.

मास्तरांना घाम फुटला. तीस वर्षांची अब्रू, गुरुपण, सगळं एका क्षणात झटकून टाकत ते हात जोडून म्हणाले, "नो सर! आय डिड नॉट टॉट हिम!"

"मास्तर," केरबा हळूच म्हणाला, "चुकलात. डिड आल्यावर टॉट न्हाई. टीच. मूळ रूपात."

साहेबानं चड्डीतल्या केरबाकडं बघितलं, कोटातल्या मास्तरांकडं बघितलं, आणि नाइलाजानं मराठीत म्हणाला, "बरोबर आहे त्याचं."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी केरबाला बरोबर म्हटलं होतं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. उपरणं जागेवर. कोट जागेवर. धोतराच्या निऱ्या जागच्या जागी.

"आनि डिड दोन झाले वो," केरबा म्हणाला. "एक सायबांचा, एक तुमचा."

"केरबा, मागं हो," मास्तर म्हणाले.

"लाजता काय, मास्तर? इंग्रजीत लाजून चालत न्हाई."

असं म्हणून केरबा पुढं झाला, आणि गुरूला मूळ रूपात आणण्यासाठी त्यानं मास्तरांच्या धोतराचा सोगा धरून जोरानं ओढला.